कपाटातलं जुनं क्रेडिट कार्ड: ठेवावं की बंद करावं?

२०१३ साली पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा कंपनीच्या कँटीनबाहेर टेबल मांडून बसलेल्या एका पोरानं माझ्याकडून फॉर्म भरून घेतला, आणि पंधरा दिवसांत माझं पहिलं क्रेडिट कार्ड हातात पडलं. लिमिट चाळीस हजार. चार वर्षांनी सोलापूरला परत आलो, नवी पेठेतल्या दुकानांचे हिशेब लिहायचं काम धरलं आणि एका मित्राच्या सल्ल्यावरून ते कार्ड कात्रीनं कापून टाकलं. "काप की बे, कशाला सांभाळतोस," एवढाच तो सल्ला. कात्रीनं प्लास्टिक कापलं जातं, खातं तसंच चालू राहतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

पुण्यातला मोबाइल नंबर मी सोडला होता. स्टेटमेंट ज्या ईमेलवर जायचं तो उघडून वर्षं झाली होती. ४९९ रुपये वार्षिक फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे पडले. ते न भरल्यामुळे लेट फी, मग व्याज, आणि या दोन्हींवर पुन्हा जीएसटी. जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायला निघालो तेव्हा गृहकर्जाच्या टेबलावरच्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे कार्ड तुमचंच ना?" न वापरलेल्या कार्डावर साडेनऊ हजारांची थकबाकी होती आणि माझ्या क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीच्या नोंदवहीत, उशिराचे लाल आकडे ओळीनं बसले होते. फ्लॅट पुढे मिळाला, पण आठ महिन्यांनी.

तेव्हापासून ओळखीतला कोणी "जुनं कार्ड बंद करू का" असं विचारायला आला की मी त्याला चहा पाजतो आणि आधी चार गोष्टी तपासायला लावतो. त्या सगळ्या खाली लिहितो आहे.

आधी रिपोर्ट काढा

मनात काहीही ठरवण्याआधी आपला क्रेडिट रिपोर्ट डोळ्यांखालून घाला. भारतात असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपल्याकडे सगळ्यांनाच "सिबिल" म्हणायची पद्धत पडली आहे, पण बँक चारपैकी कोणाचाही रिपोर्ट बघू शकते. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. आपला रिपोर्ट आपणच बघितल्यानं स्कोअर, म्हणजे परतफेडीच्या सवयीवरून या कंपन्या देतात तो आकडा, कमी होत नाही. ही भीती उगाच पसरली आहे.

रिपोर्टात जुन्या कार्डासमोरच्या या नोंदी बघा: खातं कधी उघडलं, लिमिट किती, सध्या बाकी किती आणि महिनेवार चौकटींत काय लिहिलंय. चौकटीत शून्यं किंवा 'एसटीडी' असेल तर पैसे वेळेवर गेलेत. ३०, ६० असा आकडा दिसला तर तितके दिवस उशीर झाला आहे. त्याच बैठकीत बाकीचा रिपोर्टही वाचून काढा. सोलापुरात पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाला एकमेकांना जामीन राहण्याची चाल जुनी आहे, आणि जामीन राहिलेलं कर्जही रिपोर्टात आपल्या नावापुढे दिसू शकतं. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना मेव्हण्याचा थकलेला हप्ता असाच समजला. कार्डाचा विषय त्या दिवशी बाजूलाच राहिला.

स्कोअर नेमका कशानं घसरतो

"सगळ्यात जुनं कार्ड बंद केलं की तेवढ्या वर्षांचा इतिहास पुसला जातो" हे वाक्य मी टिळक चौकापासून होटगी रोडपर्यंत ऐकलं आहे. ते अर्धवट खरं आहे. बंद झालेलं खातं रिपोर्टातून लगेच निघून जात नाही. क्रेडिट कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं ठेवावी लागते. म्हणजे तुम्ही दहा वर्षं वेळेवर पैसे भरले असतील तर ती चांगली नोंद 'क्लोज्ड' या शेऱ्यासह पुढे बरीच वर्षं दिसत राहते. खात्यांचं सरासरी वय स्कोअरमध्ये धरतात हे खरं, पण ती झळ बहुतेकांना हळूहळू आणि थोडीच लागते.

लगेच टोचतं ते वेगळंच: लिमिटपैकी तुम्ही किती वापरता. सगळ्या कार्डांची लिमिट एकत्र धरा, सगळ्यांवरची बाकी एकत्र धरा आणि बाकीला लिमिटनं भागा. हे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या आत असावं असं मानतात. कार्ड बंद केलं की वापर तेवढाच राहतो आणि लिमिट मात्र आक्रसते.

दोन उदाहरणं घेऊ. एकाकडे जुनं कार्ड ४० हजारांचं आणि नवं दीड लाखाचं. महिन्याला ४५ हजारांचा वापर. दोन्ही धरून लिमिट १ लाख ९० हजार, वापर सुमारे २४ टक्के. जुनं बंद केल्यावर ४५ हजार भागिले दीड लाख, म्हणजे ३० टक्के. फारसं बिघडत नाही. दुसऱ्याचं उलटं आहे. जुन्या कार्डाचं लिमिट वाढत वाढत दोन लाखांवर गेलंय, आणि नुकतंच घेतलेलं रुपे कार्ड ६० हजारांचं आहे. महिन्याला वापर ४० हजार. आज तो १५ टक्के दिसतो. जुनं बंद केलं की ४० भागिले ६०, म्हणजे ६७ टक्के. हा माणूस पैसे वेळेवरच भरतो, खर्चही वाढवलेला नाही, तरी बँकेला तो ओढाताणीत असल्यासारखा दिसायला लागतो.

म्हणून मी कार्डाचं वय नंतर विचारतो, आधी लिमिट विचारतो. तुमचे आकडे कागदावर मांडा. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि निम्मा निकाल इथेच लागतो.

यात एक बारकावा आहे. बँकेनं ज्या दिवसाची बाकी कळवली ती रिपोर्टात जाते. त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट न बघता मोठी रक्कम आधीच भरून टाकली तर वापर कमी दिसू शकतो. आणि एकाच बँकेची दोन कार्डं असतील तर बऱ्याचदा त्यांचं लिमिट सामाईक असतं. तसं असेल तर एक बंद करूनही एकूण लिमिट तेवढंच राहू शकतं. बँकेला फोन करून हे आधी विचारून घ्या.

पुढच्या वर्षभरात कर्ज घ्यायचंय का?

घर, गाडी, दुकान वाढवणं किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यासाठी मशिनरी, यापैकी काही सहा-आठ महिन्यांत डोक्यात असेल तर आत्ता कार्डाला हात लावू नका. कर्ज मंजूर होऊन रक्कम खात्यात येऊ द्या, मग बघू. गृहकर्जाच्या व्याजात पाव टक्क्याचा फरक वीस वर्षांत जेवढा पडतो, त्यापुढे एका वर्षाची कार्डाची फी म्हणजे चणे-फुटाणे.

उलट, कर्ज नुकतंच झालंय आणि पुढची तीन-चार वर्षं नव्या कर्जाचा विचारच नाही, तर स्कोअर थोडा खाली आला म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. बाकीची खाती नीट चालली तर तो पुन्हा सावरतो. स्कोअर ३०० ते ९०० मधला एक आकडा आहे आणि तो कर्ज मागायच्या वेळी कामाला येतो. काही लोक रोज सकाळी पेपरसारखा स्कोअर बघतात. त्यांना काय म्हणावं, मला कळत नाही.

फी आहे की नाही

लाइफटाइम फ्री कार्ड असेल आणि तुमचा हात सुटत नसेल, तर ते ठेवण्यात तोटा नाही. अट एकच, ते अधूनमधून वापरा. एक वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेनं सुरू करायची असते. त्याआधी ती तुम्हाला कळवते आणि ३० दिवसांत तुमचं उत्तर आलं नाही तर खातं बंद करते. म्हणजे तुम्ही "स्कोअरसाठी" कपाटात जपून ठेवलेलं कार्ड तुमच्या नकळत जाऊ शकतं. महावितरणचं बिल किंवा मोबाइलचं रिचार्ज त्या कार्डावर टाका आणि पूर्ण रक्कम खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करा. किमान रक्कम नव्हे, पूर्ण रक्कम. हे सांगायचं कारण, ऑटोपेच्या फॉर्मवर दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असतात आणि चुकीच्या चौकटीवर बोट पडायला वेळ लागत नाही.

फीचं कार्ड असेल तर बंद करण्याआधी बँकेशी थोडी घासाघीस करा. नवी पेठेत चादर घेताना आपण करतोच की! फोन करून सरळ सांगा: फी माफ करा, नाहीतर मला हे कार्ड बंद करायचंय. जुन्या ग्राहकाची फी अनेकदा माफ होते. ते नाही म्हणाले तर दुसरं विचारा: याच खात्यावर बिनफीचं साधं कार्ड बदलून मिळेल का? तसं झालं तर खात्याचं वय आणि लिमिट टिकतं आणि फी जाते. मात्र खातं तेच राहणार की नवं उघडणार, हे खोदून विचारा. नवं उघडणार असेल तर या बदलीचा मुख्य फायदाच गेला.

"वर्षाला पन्नास हजार खर्च केलात तर फी माफ" अशीही एक गोड अट असते. तो खर्च तुम्ही असाही करणार असाल तर उत्तम. पाचशे रुपये वाचवायला गड्डा यात्रेच्या दिवसांत नको त्या वस्तू घेणारे मी पाहिले आहेत. त्यांना हिशेब समजावण्यात अर्थ नसतो.

स्कोअर बाजूला ठेवून बंद करावं असं कार्ड

दर महिन्याला किमान रक्कम भरून बाकीची पुढे ढकलली जात असेल, तर स्कोअरचा विषय सोडा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज झालं. सावकारालाही लाजवेल असा हा दर. अशा माणसानं आधी ते फेडावं, जमलं तर स्वस्त कर्ज काढून फेडावं, आणि मग ते कार्ड बंद करावं.

बंद करायचं जिवावर येत असेल तर मधला रस्ता आहे. बँकेकडून लिमिट कमी करून घ्या. ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवा. ही चालू-बंदची सोय कार्डावर हवी, असा नियमच आहे. माझ्या मावशीनं हेच केलं. तिला एका ॲपवरच्या सेलचा फार मोह. आता खरेदी करायची तर आधी ॲपमधलं बटण चालू करावं लागतं, आणि तेवढ्या वेळात अर्धा मोह ओसरतो, असं ती स्वतःच सांगते.

बंद करायचं ठरलं तर

इथून पुढे क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी कार्डाला काय काय जोडलंय ते शोधा. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं काढा आणि पेन घेऊन बसा. विम्याचा हप्ता, सिनेमा-मालिकांच्या ॲपची वर्गणी, फोनच्या क्लाउडचे महिन्याचे पैसे, फास्टॅगचं आपोआप रिचार्ज. बारा महिने अशासाठी, की वर्षातून एकदाच कापली जाणारी वर्गणी तीन महिन्यांच्या स्टेटमेंटात दिसत नाही. विम्याच्या हप्त्याकडे खास लक्ष द्या. तो चुकून राहिला तर पॉलिसीच बंद पडण्याची वेळ येते. रुपे कार्ड यूपीआयला जोडलं असेल तर तिथूनही काढा.

मग रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. खातं बंद झालं की ते बहुधा गेलेच समजा. कार्डावर ईएमआय चालू असतील तर ते मुदतीआधी संपवावे लागतील, आणि त्यावर बऱ्याच बँका शुल्क व जीएसटी लावतात. हप्ते दोन-तीनच उरले असतील तर तेवढे दिवस थांबणंच परवडतं.

आता पैसे. ॲपवर दिसते ती बाकी भरून मोकळं होऊ नका. आधी कधी थोडी रक्कम पुढे ढकलली असेल, तर शेवटच्या स्टेटमेंटपासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या स्टेटमेंटात येतं. बँकेला विचारा: "आजच्या तारखेला खातं पूर्ण बंद करायला एकूण किती भरायचं?" तेवढेच भरा. शक्य असेल तर शून्य बाकीचं एक स्टेटमेंट येऊ द्या. चुकून जास्त गेले तरी काळजी नको. खातं बंद झाल्यावर कार्डात उरलेली जमा रक्कम बँकेनं तुमच्या बँक खात्यात परत करायची असते. त्यासाठी तिच्याकडे तुमचा खाते क्रमांक असल्याची खात्री करा.

त्यानंतर अर्ज. इथे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आपल्या बाजूनं आहेत. हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइट, नेटबँकिंग, ॲप असे मार्ग बँकेनं उपलब्ध ठेवायचे आहेत आणि "अर्ज पोस्टानंच पाठवा" असा हट्ट तिला धरता येत नाही. बाकी काही नसेल तर अर्ज आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं, आणि तसं झालं नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. बँकेनं शुल्क वाढवलं म्हणून तुम्ही कार्ड सोडत असाल, तर त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत.

फोनवर बोलणं झालं तरी मी ईमेल टाकतोच. तारीख राहते, पुरावा राहतो. दोन ओळी पुरतात:

"शेवटचे चार अंक अमुक असलेलं माझं क्रेडिट कार्ड खातं कायमचं बंद करावं. सर्व देणं अमुक तारखेला भरलं आहे. खातं बंद झाल्याचं आणि देणं बाकी नसल्याचं पत्र या ईमेलवर पाठवावं."

पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी ईमेलमध्ये लिहू नका. हेल्पलाइनचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. इंटरनेटवर शोधून पहिला दिसलेला नंबर लावाल तर चोराच्या घरी फोन लागायचा. "कार्ड बंद करून देतो, हे ॲप टाका" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

फोनवरचा माणूस तुम्हाला थांबवायचा प्रयत्न करेल. ते त्याचं कामच आहे. पॉइंट देईल, फी माफ करेल. फीमुळेच बंद करत होता तर त्याचं ऐकून घ्यायला हरकत नाही. पण ठरवूनच आला असाल तर "नको, बंदच करा" एवढं म्हणा आणि तक्रार किंवा विनंती क्रमांक लिहून घ्या. काही वेळा तो कार्ड नुसतं ब्लॉक करून मोकळा होतो. ब्लॉक म्हणजे बंद नव्हे. हरवलेल्या कार्डासारखं फक्त ते वापरणं थांबतं, फी पडायची ती पडतेच.

थकबाकी अडकली असेल तर 'तडजोड' जपून

माझ्यासारखी जुनी थकबाकी निघाली तर वसुलीचा माणूस म्हणतो, "साडेनऊ आहेत ना, पाच हजार भरा, मिटवून टाकू." ऐकायला छान वाटतं. पण तसं केलं की रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा येऊ शकतो. पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ लावतो की या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत. 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांत गृहकर्ज मिळण्या-न मिळण्याचं अंतर आहे. मी बँकेशी भांडलो, न वापरलेल्या कार्डावरची लेट फी काढून घेतली, आणि उरलेले सगळे भरून 'क्लोज्ड' लिहून घेतलं. लेट फी बँकेनं स्वतः मागे घेणं वेगळं आणि तडजोड करणं वेगळं. पैसे देण्याआधी रिपोर्टात काय नोंद जाणार हे लेखी मागा. ज्यांना पूर्ण भरणं खरोखरच शक्य नाही त्यांची गोष्ट निराळी, पण त्यांनीही हा शेरा माहीत असूनच सही करावी.

बंद झाल्यावर

पत्र आलं की त्याची प्रत छापून ठेवा. कार्ड आता कापा, चिपवरून आणि मागच्या काळ्या पट्टीवरून. जोड कार्ड बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर असेल तर तेही जातं, त्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ती पुण्यात पेट्रोल पंपावर उभी असेल आणि फोन तुम्हाला येईल.

खातं बंद झाल्याची नोंद बँकेनं ३० दिवसांत क्रेडिट कंपन्यांकडे पोचवायची असते. मी दीड-दोन महिने थांबून दुसऱ्या कंपनीचा फुकट रिपोर्ट काढतो. चार कंपन्या असल्याचा हा एक फायदा. शेरा 'क्लोज्ड' आहे का, बंद झाल्याची तारीख आहे का, बाकी शून्य आहे का, एवढंच बघायचं. खातं अजून चालू दिसत असेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर वाद नोंदवा आणि पत्र जोडा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बँक दाद देत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यांच्या तक्रार पोर्टलवर फुकट नोंदवता येते आणि १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. तिथेही पहिला प्रश्न "बँकेला कधी कळवलंत?" हाच असतो, आणि त्या दोन ओळींच्या ईमेलवरची तारीख तिथे दाखवता येते.